३१ ऑगस्ट १९५२ : गुन्हेगार जमाती कायदा रद्द

१९५२ साली आजच्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींत जन्मलेलं मूल या कायद्याने पाळण्यातच संशयित ठरत होतं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबून ठेवलेल्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड, हजेरी देत पिढ्या वाढल्या. मुलांना आईबापांपासून तोडायची मुभाही सरकारला होती.

कायदा गेला, संशय राहिला. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. बाप कोठडीत, आई जामीनदार शोधत दारोदार, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरलीची शाळा सुटते. हे संतापजनक आहे. तुरुंगातही जात पाठ सोडत नव्हती: नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तोही ऑक्टोबर २०२४ मध्ये.