मेषशृंगी आणि असन : मेहावरील दोन वनस्पतींचा नामनिर्णय

एखादी वनस्पती रक्तांतील साखर उतरविते कीं नाहीं, हें ठरविणें प्रयोगशाळेचें काम होय. परंतु प्रयोगास घेतलेली वनस्पती बाडांत सांगितलेलीच आहे, हें ठरविणें पोथ्या जमविणारांचें काम असून तें आधीं व्हावयास हवें. वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीनें अशीं दोन नांवें येथें तपासतों.

पहिलें मेषशृंगी. कुष्ठ, मेह व पांडु यांवरील सुश्रुताच्या सालसारादि गणांत तें येतें. हल्लीं वैद्यमंडळी मेषशृंगी म्हणजे गुडमार, मराठींत कावळी, असें धरून चालतात. ही वेल (जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे). हिचा पाला चघळला असतां साखरेची गोडी लागेनाशी होते, हें एज्वर्थ यानें १८४७ सालीं नोंदविलें. १९३० सालीं डॉ. म्हसकर व फादर केयस यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून पाल्यानें रक्तशर्करा उतरते असें दाखविलें. हा परिणाम इन्सुलिनचा स्राव वाढल्यानें होतो, असें त्यांचें मत पडलें.

परंतु विदर्भाच्या पानझडी रानांत मेडशिंगी म्हणून जें दाखवितात तें झाड आहे (डॉलिकँड्रोन फाल्काटा), व त्याच्या शेंगा शिंगासारख्या वांकड्या असतात. अर्थानें मेडशिंगी म्हणजे मेषशृंगीच! मग आर्वी-आष्टीकडील एखाद्या बाडांत हें नांव आढळल्यास लिहिणाराच्या मनांत वेल होती कीं झाड? गणांतील शेजारी पाहावे तर खदिर, तिनिश, धव, अर्जुन, शाक हे सारे वृक्षच. तेव्हां झाडाचा पक्ष अडाणी म्हणून टाकून देतां येत नाहीं. गणापुरता तोच आम्हांस बळकट वाटतो. मात्र वर सांगितलेला पुरावा वेलीचा आहे, तो झाडाच्या खातीं जमा करूं नये.

दुसरें असन, हेंही त्याच गणांत आहे. संस्कृत असन म्हणजे बिबळा ऊर्फ विजयसार. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत विजयसार दिलेल्या ९७ रोग्यांपैकीं ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यांत आली. मराठींतला असाणा मात्र निराळाच वृक्ष (ब्रिडेलिया रेटुसा). नामसादृश्यानें त्याच्या सालीचा काढा घेणाराचा रोग बळावला, तर दोष मात्र सुश्रुतावर यावयाचा! बिबळ्याच्या गाभ्याची खूण सोपी आहे : त्याच्या पेल्यांत रात्रभर ठेविलेलें पाणी पिंगट होऊन त्यावर निळसर झांक दिसते.

एका नांवाचा घोटाळा या जिल्ह्यास नवा नाहीं. गांधीजींचीं पत्रें बुलढाण्याकडील शेगांवास जाऊं लागलीं, म्हणून वर्ध्याजवळील शेगांवाचें नांव १९४० सालीं सेवाग्राम ठेवावें लागलें. त्याच सेवाग्रामीं १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीस दूर जाण्याचें कारण नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, बाडांतील शब्द शुद्ध करूं नये, जसा आहे तसाच उतरावा. पान, साल कीं गाभा, कोणतें अंग सांगितलें तें लिहावें. बाड कोणत्या गांवचें तें नोंदवावें. आणि त्या गांवीं तें नांव ज्या वनस्पतीस देतात, तिची फुलाफळांसह वाळविलेली फांदी नकलेबरोबर ठेवावी.