एक टन, एक गॅलन आणि वायोमिंगचा कोळसा

अमेरिकेत राहत असाल तर सीएसएक्स या रेल्वे कंपनीची जाहिरात कधीतरी कानावर पडली असेल: एक गॅलन डिझेलमध्ये आम्ही एक टन माल चारशेहून जास्त मैल नेतो. आकडा खरा आहे. फक्त तो एखाद्या इंजिनाचं ॲव्हरेज नाही. वर्षभरात किती टन माल किती मैल नेला याचा गुणाकार करायचा आणि त्याला वर्षभरात जाळलेल्या सगळ्या डिझेलने भागायचं, एवढाच तो हिशेब. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांचा हा भागाकार २३५ यायचा. आज तो जवळपास दुप्पट आहे.

मग इंजिन दुप्पट चांगलं झालं का? नाही. इंजिनातली खरी मोठी उडी त्याच्या कितीतरी आधीची. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने ‘एफटी’ नावाचं ५,४०० अश्वशक्तीचं डिझेल वर्षभर देशभर फिरवून दाखवलं. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी दहा टक्केसुद्धा ओढण्याच्या कामी लावत नसे. डिझेलचं प्रमाण त्याच्या तिपटीच्या घरात. १९६० पर्यंत वाफ संपली. पण डिझेल इतकं स्वस्त होतं की वाचवायची गरज कुणाला वाटली नाही. यार्डातली इंजिनं तासन् तास नुसती धडधडत उभी असायची. त्यातही एक गंमत आहे: त्यांच्या कूलिंगच्या पाण्यात गाडीत घालतो तसं अँटीफ्रीझ नसतं. शिकागोच्या हिवाळ्यात इंजिन बंद केलं तर पाणी गोठून इंजिनच फुटायचं, म्हणून ते रात्रभर चालूच ठेवायचं. १९७३ च्या तेलसंकटानंतर या धडधडीचे पैसे दिसायला लागले. आपोआप बंद-चालू होणारी यंत्रणा मात्र बऱ्याच वर्षांनी सर्रास झाली.

आकडा खरा वर गेला तो वेगळ्याच कारणाने. १९७० नंतर हवेच्या प्रदूषणाचे कायदे कडक झाले, आणि वीजकेंद्रांना कमी गंधकाचा कोळसा हवा झाला. तो होता वायोमिंगमध्ये, पावडर रिव्हर खोऱ्यात. वीज लागायची मात्र हजार मैल लांब. थेट जॉर्जियापर्यंत हा कोळसा गेला. शंभराहून जास्त डबे, एकच खाण, एकच वीजकेंद्र, वाटेत शंटिंग नाही, डबे जोडणं-तोडणं नाही. पुढे डबे ॲल्युमिनियमचे झाले, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त कोळसा. १९९३ मध्ये एसी मोटर्सचं एसडी७०मॅक आलं आणि पाच जुन्या इंजिनांचं काम तीन करू लागली. (आपल्याकडचं डब्ल्यूडीजी-४ हे त्याचंच ब्रॉडगेज भावंडं. हुबळी शेडची ही इंजिनं महाराष्ट्रातही दिसायची.)

आता तो भागाकार पुन्हा बघा. त्यात वजन जेवढं जास्त आणि अंतर जेवढं लांब, तेवढा आकडा चांगला. चपलांनी किंवा टीव्हींनी भरलेला कंटेनर हलका असतो आणि त्याला घाई असते. कोळसा जड असतो आणि त्याला घाई नसते. डबे रिकामे परतताना लागणारं डिझेल हिशेबात धरूनही कोळशाची गाडी भाव खाऊन जाते. २००८ च्या सुमाराला अमेरिकन रेल्वेवरच्या एकूण टनांमध्ये कोळशाचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त होता.

एक साधं गणित करू. शंभर टन कोळसा, हजार मैल, गॅलनला ४५० टन-मैल. साधारण २२२ गॅलन डिझेल लागेल आणि त्यातून दोन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघेल. तोच कोळसा वीजकेंद्रात जाळल्यावर निघतो दीडशे टनांहून जास्त. काटकसर झाली ती त्या दोन टनांत, आणि जाहिरातीत दिसतात तेही तेवढेच दोन टन. भारतात तर ब्रॉडगेज जवळजवळ पूर्ण विजेवर आली आहे. तरी मालवाहतुकीच्या वजनात निम्म्याच्या आसपास कोळसाच आहे. इंजिनाच्या डोक्यावर तार आली म्हणून डब्यातला माल बदलत नाही.

२००८ नंतर अमेरिकेत कोळसा घसरू लागला. या हिशेबाने आकडाही पडायला हवा होता, पण पडला नाही. कंपन्यांनी गाड्या लांब केल्या, इंजिनं कमी केली, आणि चढ-उतार पाहून ड्रायव्हरला वेग सुचवणारं सॉफ्टवेअर बसवलं. दोन-दोन, कधी तीन-तीन मैलांच्या गाड्या धावू लागल्या. डिझेलच्या हिशेबात ही चलाखीच आहे, मला त्याचं कौतुकही वाटतं. पण तीन मैलांची गाडी यार्डात मावत नाही, मग ती गावात थांबते, आणि गावातली सगळी फाटकं एकदम बंद होतात. इंडियाना राज्यातल्या हॅमंडमध्ये शाळेतली मुलं अशा उभ्या गाडीच्या डब्यांखालून, कपलिंगवरून पलीकडे जातात, हे २०२३ मध्ये बातम्यांतून देशभर दिसलं. गाडी कधी हलेल हे त्यांना कुणी सांगत नाही.