पाच शिलिंगांची मोकळीक : ब्रिटनमधील वृद्धनिवासांचा इतिहास

५ जुलै १९४८. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तो दिवस. त्याच दिवशी आणखी एक कायदा अमलात आला, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. 'नॅशनल असिस्टन्स ॲक्ट'च्या पहिल्याच कलमाने जुना 'पुअर लॉ' रद्दबातल ठरवला.

पुअर लॉ म्हणजे काय, हे तिथल्या म्हाताऱ्यांना समजावून सांगावे लागत नसे. १८३४ च्या फेररचनेनंतर निराधारांच्या वाट्याला वर्कहाउस येई. अंगावरचे कपडे उतरवून गणवेश चढवायचा, घंटेवर उठायचे, घंटेवर जेवायचे. स्त्रिया एका भागात, पुरुष दुसऱ्या. उभा जन्म एकत्र काढलेल्या नवरा-बायकोचीही ताटातूट होई. साठी उलटलेल्या जोडप्यांवर ही सक्ती नको, हे कायद्याला सुचायला १८४७ साल उजाडले!

आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या डोळ्यांपुढे वर्कहाउसऐवजी हॉटेल होते. पंचवीस-तीस जणांची लहान निवासस्थाने, आणि राहणारा माणूस आश्रित नव्हे, पाहुणा. पाहुणा पैसे मोजतो. त्या वेळी सरकारी पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग होते. त्यातले २१ निवासाचे किमान शुल्क, उरलेले ५ ज्याचे त्याच्या हाती. त्यातून तंबाखू घ्यावी की टपालाचे तिकीट, हे कुणाला विचारायचे कारण नव्हते. रक्कम किरकोळ खरी. पण वर्कहाउसच्या सावलीत वाढलेल्या पिढीला तिचे मोल निराळे असणार.

कल्पना देखणी होती. इमारती मात्र जुन्याच राहिल्या. युद्धाने पोळलेल्या देशात नव्या बांधकामाला ना पैसा, ना सामान. दारावरची पाटी बदलली, आतल्या लांबलचक खोल्या तशाच.

समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५८-५९ मध्ये इंग्लंड व वेल्समधील १७३ निवासांना भेटी दिल्या. एका जुन्या वर्कहाउसमध्ये तर त्यांनी वृद्धांना अंघोळ घालणाऱ्या मदतनिसाचे कामही केले. त्यांचा 'द लास्ट रेफ्यूज' हा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. निवासाचा दर्जा ठरवताना टाउनसेंड यांनी खाटा आणि न्हाणीघरे मोजलीच, शिवाय रोजच्या जगण्यातली मोकळीकही तपासली. खाटांना खेटून खाटा, खासगी वस्तू ठेवायला जेमतेम जागा, दिवसभर भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून राहिलेली माणसे, हे चित्र त्यांना वारंवार दिसले. हाती पाच शिलिंग होते, पण त्यातून घेतलेली वस्तू ठेवायला स्वतःचे कपाट असेलच असे नव्हते.

डागडुजीने भागेल असे टाउनसेंड यांना वाटले नाही. असे सामूहिक निवास टप्प्याटप्प्याने बंद करावेत आणि वृद्धांना स्वतःच्या घरी किंवा देखरेखीच्या छोट्या घरकुलांत मदत पोचवावी, अशी शिफारस त्यांनी केली.