भंगारातील इलेक्ट्रिक कारचे सुटे भाग : स्वस्ताईमागचा धोका

अपघातग्रस्त किंवा पुरात सापडलेली मोटार भंगारअड्ड्यावर पोहोचली की तिचे दरवाजे, काचा, दिवे सुटे करून विकले जातात. पेट्रोल-डिझेलच्या वाहनांबाबत हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. इलेक्ट्रिक कारला मात्र तोच न्याय लावता येत नाही. दरवाजा किंवा आरसा डोळ्यांनी पारखता येतो. बॅटरीचा पूर्वेतिहास दिसत नाही.

बॅटरीसंचातील लिथियम-आयन सेलचा विद्युतदाब साधारणतः 3.2 ते 3.7 व्होल्ट असतो. असे अनेक सेल एकापुढे एक जोडल्याने बहुतेक कारमध्ये तो 300 ते 400 व्होल्टपर्यंत जातो. एवढा दाब प्राणघातक ठरू शकतो. कार बंद असली, तरी सेलमधील वीज कायम असते. इन्व्हर्टरमधील कपॅसिटरही पुरवठा तोडल्यानंतर काही काळ भार धरून ठेवतात. म्हणूनच नारिंगी रंगाच्या केबलना अप्रशिक्षित व्यक्तीने हात लावू नये.

दुसरा धोका आगीचा. आघाताने सेलमधील पातळ विभाजक पडदा फाटला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होते. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि विषारी वायू बाहेर पडतात. ही आग अपघातानंतर कित्येक दिवसांनीही लागू शकते. विझल्यानंतर पुन्हा भडकू शकते. खाऱ्या पाण्याचा संसर्ग तर अधिकच घातक. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ‘इयन’ चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला. गोव्यासारख्या किनारी प्रदेशातील खरेदीदाराने हा अनुभव ध्यानात ठेवावा.

शिवाय जुन्या बॅटरीची क्षमता किती उरली आहे, हे बाहेरून कळत नाही. अनेक गाड्यांत बॅटरी नियंत्रण यंत्रणा त्या विशिष्ट वाहनाशी संगणकीय पद्धतीने जोडलेली असते. उत्पादकाच्या उपकरणांविना दुसऱ्या गाडीत ती चालेलच असे नाही. भंगारातून घेतलेल्या भागाला हमी नसल्यास पैसे वाया जातात.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. निकामी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचवणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे.

काच, आरसा, दरवाजा, आसने असे भाग नीट तपासून घेण्यास हरकत नाही. बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर, उच्चदाबाच्या केबल आणि एअरबॅग मात्र भंगारातून घेऊ नयेत. जुनी बॅटरी घ्यायचीच झाली, तर मूळ गाडीचा चॅसी क्रमांक, अपघाताची माहिती, प्रशिक्षित तंत्रज्ञाचा तपासणी अहवाल आणि पक्के बिल मागावे. यांपैकी काहीही देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.