ऑफ-पिस्त सुटीसाठी नव्या स्की : निवड कशी करावी?

यंत्राने दाबून, विंचरून सारखा केलेला स्कीइंगचा उतार म्हणजे 'पिस्त'. हा मूळचा फ्रेंच शब्द. उताराच्या कडेला रोवलेल्या खुणेच्या काठ्यांपलीकडे, जसे पडले तसेच राहिलेल्या हिमावरून खाली उतरणे याला 'ऑफ-पिस्त' स्कीइंग म्हणतात. आल्प्समधील शामोनी आणि ला ग्राव्ह ही त्याची नामांकित ठिकाणे. भारतात हा मान निर्विवादपणे गुलमर्गचा. औली वा गुलमर्गला प्राथमिक अभ्यासक्रम करून, पुढे नोकरीनिमित्त म्युनिक किंवा झुरिकला राहून या खेळात मुरलेल्या मराठी मंडळींना केव्हातरी हा मोह होतोच. मग माळ्यावरची जुनी जोडी बाहेर निघते आणि ती बदलण्याचा विचार सुरू होतो.

दुकानात गेल्यावर मात्र गोंधळ उडतो. भिंतीवर शंभर जोड्या, प्रत्येकीवर आकड्यांची रांग, आणि जाहिरातीत कंबरभर भुसभुशीत हिमातून झेपावणारा स्कीपटू. त्या छायाचित्रावर भाळून केलेली खरेदी बहुधा फसते, कारण तसे हिम आठवड्याच्या सुटीत लाभले तर एखाद-दुसरा दिवस लाभते. उरलेले दिवस इतरांनी तुडवलेल्या, वाऱ्याने घट्ट केलेल्या किंवा दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या हिमावर काढावे लागतात. स्की निवडायची ती या दिवसांसाठी.

खरेदीपूर्वी जुनी जोडी खरोखर निकामी झाली आहे का, हे तपासावे. दोन्ही स्की तळाला तळ लावून धराव्यात. पारंपरिक घडणीच्या स्कीमध्ये मधोमध फट दिसते. हा बाक म्हणजे 'कॅम्बर'. दोन बोटांच्या हलक्या दाबानेच फट नाहीशी होत असेल तर स्कीतील लवचीकपणा संपला असे समजावे. तळावरचे ओरखडे पी-टेक्स या प्लास्टिकने भरता येतात, त्यासाठी स्की टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ओरखडा तळ फाडून आतल्या लाकडी गाभ्यापर्यंत पोचला असेल आणि तशाच स्थितीत स्की वापरली गेली असेल, तर पाणी आत शिरते, गोठते, प्रसरण पावते आणि थर सुटू लागतात. पोलादी कड वारंवार घासून कागदासारखी उरली असेल किंवा तिला बुटाखालच्या भागात तडा गेला असेल, तरीही निरोप देणे इष्ट. यांपैकी काहीच नसेल, तर बदलायची वस्तू स्की नसून तिच्यावरचे बाइंडिंग असण्याचा संभव अधिक. त्याविषयी पुढे.

स्कीवरच्या आकड्यांचा अर्थ

स्कीवर १३२-१००-१२२ असे तीन आकडे छापलेले असतात. ही टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधील रुंदी. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ मध्ये खोल कंबरेची 'एससीएक्स' बाजारात आणली आणि दोन मीटर लांबीच्या सरळ पट्ट्यांचे युग पाहता पाहता संपले. रुंदीची क्रांती वेगळी. ऑस्ट्रियाच्या अटॉमिक कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुंद स्की काढल्या तेव्हा त्यांची थट्टाच झाली होती. पुढे शेन मॅकॉन्की या अवलिया स्कीपटूने असा विचार मांडला, की मऊ हिमावरची स्की पाण्यावरच्या स्कीसारखी वागली पाहिजे. त्यातून २००२ मध्ये व्होलांट कंपनीची 'स्पॅच्युला' आली : टोक आणि शेपूट वर उचललेले, कंबर टोकांपेक्षा रुंद. मॅकॉन्की २००९ मध्ये डोलोमाइट्समध्ये अपघातात गेला. त्याची ती विचित्र स्की आज कोणी फारशी वापरत नाही, पण तिची उचललेली टोके आज जवळपास प्रत्येक ऑफ-पिस्त स्कीला असतात. त्यालाच 'रॉकर' म्हणतात.

रुंदीचा लाभ साध्या गणिताने कळतो. पिस्तवरची १६५ सेंटीमीटर लांब आणि सरासरी साडेआठ सेंटीमीटर रुंद जोडी सुमारे २,८०० चौरस सेंटीमीटर हिम व्यापते. १८२ सेंटीमीटर लांब आणि सरासरी साडेअकरा सेंटीमीटर रुंद जोडी सुमारे ४,२००. दीडपट आधार मिळाला की तेच शरीर तेवढे खोल रुतत नाही. मग ११५ मिलिमीटर कंबरेचीच का घेऊ नये? कारण कडक हिमावर सारा भार कडेवर येतो आणि कंबर जितकी रुंद तितकी ती कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर जाते. घोटा आणि गुडघा यांना ती तरफ दिवसभर पेलावी लागते, शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो. पस्तिशी ओलांडलेल्या, वर्षातून एकदा पर्वतावर जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी त्याची जाणीव होते.

गुलमर्गचे उदाहरण बोलके आहे. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गावातून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला नेतो आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. या एका उतरणीत माथ्याजवळ वाऱ्याने खरवडलेले टणक हिम भेटते, खालच्या खोलगट भागात साठलेले मऊ हिम, कोंगदूरीखाली सूचिपर्णी जंगलातल्या अरुंद वाटा, आणि तंगमर्गपर्यंत उतरल्यास ओलसर, सिमेंटसारखे जड हिम. भर म्हणजे हिमाचा भरवसाही नाही : जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या अखेरपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. अशा ठिकाणी एकच जोडी न्यायची तर ९५ ते १०५ मिलिमीटरची कंबर हा समंजस मध्य होय. वजनाने हलक्या व्यक्तींनी खालच्या आकड्याकडे झुकावे. सुटीत निम्मा वेळ पिस्तवरच जाणार असेल, आल्प्समध्ये बहुधा तसेच होते, तर ८८ ते ९५ पुरे.

बाकाच्या बाबतीत टोकाला रॉकर, बुटाखाली कॅम्बर आणि शेपटीला किंचित उचल ही मिश्र घडण सर्वात उपयुक्त. टोक वर तरंगते आणि कडक जागी मधली कड चावा घेते. उचललेल्या टोकामुळे सपाट हिमावर स्कीची कमी लांबी टेकते. म्हणून जुनी १७० ची असेल तर नवी पाच-सात सेंटीमीटर लांब घेण्यास बिचकू नये. साधारणपणे आपल्या उंचीइतकी लांबी हा सुरुवातीचा अंदाज. वळणाची त्रिज्याही पाहावी. पिस्तवरच्या स्कीची १३ ते १५ मीटर असते; ती लहान त्रिज्या गोठलेल्या पापुद्र्यात अडकून पायाला नको तिकडे ओढते. ऑफ-पिस्तसाठी १७ ते २२ मीटर बरी.

वजनाच्या बाबतीत सध्या हलकेपणाची फॅशन आहे आणि तिच्याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे. चढण पायी चढणाऱ्याला दीड किलोच्या आतली स्की वरदान ठरते. परंतु गोंडोलाने वर जाऊन केवळ उतरणाऱ्याला ती तुडवलेल्या हिमात ठेचकाळत नेते. टिटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पत्रा असलेली, नगाला दोन किलोंच्या आसपासची स्की तिथे शांत राहते. खांद्यावरचे ओझे वाढते खरे, पण खांद्यावर ती किती मिनिटे असते?

बाइंडिंग आणि बूट

खरी गफलत येथे होते. नवी स्की घेतली, बूट जुनेच, बाइंडिंग जुन्या स्कीवरून उतरवून नवीवर बसवले, म्हणजे बचत झाली असा समज असतो. पडताना योग्य क्षणी बूट सोडणे हे बाइंडिंगचे मुख्य काम. त्यावरच गुडघ्याचे अस्थिबंध अवलंबून असतात. उत्पादक कंपन्या जुन्या बाइंडिंगची जबाबदारी ठरावीक वर्षांनंतर सोडून देतात, आणि मग अनेक दुकानदार ते जुळवून देण्यास नकार देतात. ग्राहकाला हा आडमुठेपणा वाटतो. तो तसा नसतो.

दुसरी अडचण बुटाच्या तळव्याची. पारंपरिक अल्पाइन तळवा ISO ५३५५ या मानकाचा. चढणीच्या बुटांचा रबरी, वक्र तळवा ISO ९५२३ चा. आणि अलीकडे सर्वत्र दिसणारा 'ग्रिपवॉक' ISO २३२२३ चा. जुन्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये रबरी तळव्याचा बूट 'खट्' आवाज करून बसतोसुद्धा, पण सुटण्याच्या वेळी रबर खालच्या घसरपट्टीवर अडकते. बसला म्हणजे जुळला, असे येथे होत नाही. बाइंडिंगवर कोणत्या मानकांची खूण आहे, हे दुकानदाराला दाखवायला सांगावे.

तिसरी गोष्ट ब्रेकची रुंदी. सुटलेली स्की उतारावरून पळू नये म्हणून बाइंडिंगला दोन काटे असतात. ते कंबरेपेक्षा रुंद हवेत, पण दहा-पंधरा मिलिमीटरहून अधिक नकोत. पंच्याऐंशीच्या ब्रेकचे जुने बाइंडिंग शंभराच्या स्कीवर बसणारच नाही.

पायी चढण्याचा बेत असेल तर टोकाशी दोन खुंट्या असलेले हलके 'पिन' बाइंडिंग लागते. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची ही १९८० च्या दशकातील कल्पना. त्यासाठी बुटाच्या टोकालाही पोलादी खाचा हव्यात. चढताना पिन आणि उतरताना अल्पाइनसारखी पकड देणारा संकर सॅलोमन कंपनीने २०१८ मध्ये 'शिफ्ट' या नावाने आणला. चढण क्वचित आणि उतरणच अधिक, अशांना तो सोयीचा. सगळीकडे गोंडोलानेच जाणार असाल, तर साधे अल्पाइन बाइंडिंग घेऊन पैसे वाचवावेत.

बाइंडिंग बसवण्याची जागा कंपनीने आखलेल्या खुणेवरच ठेवावी. टोक हिमात घुसू नये म्हणून एक-दोन सेंटीमीटर मागे सरकवण्याचा जुना सल्ला सरळ स्कींच्या काळातला. रॉकरने त्याची गरज संपवली. सुटण्याचा ताण वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यानुसार ठरतो. तेथे बढाई मारू नये. 'मी तज्ज्ञ आहे' असे सांगितले की दुकानदार आकडा वाढवतो आणि किंमत गुडघा मोजतो.

बाइंडिंगसह नवी जोडी युरोपात साधारण सहाशे ते हजार युरोंना पडते. वर्षाकाठी पाच-सहा दिवसच हिमावर जाणार असाल तर भाड्याने घेणे हा कमीपणा नव्हे; उलट दोन-तीन रुंदी पायाखाली घालून पाहता येतात. बूट मात्र स्वतःचेच असावेत.

रुंद स्कीबरोबर एक धोका न मागता येतो. पूर्वी ज्या उतारावर जाण्याची हिंमत होत नसे, तेथे ती सहज नेते. गुलमर्ग परिसरात ८ फेब्रुवारी २०१० रोजी हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू मृत्युमुखी पडला. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजे शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर, घडीची शोधकाठी आणि धातूचे फावडे हवे, ते वापरण्याचा सरावही हवा आणि सोबत स्थानिक वाटाड्या हवा. अंदाजपत्रकात नव्या स्की आणि ही सामग्री दोन्ही बसत नसतील, तर स्की भाड्याने घ्याव्यात.

खरेदी निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नये. दुकानात बूट आणि जुनी जोडी दोन्ही न्यावीत. बाइंडिंग बसवून झाल्यावर यंत्रावर तपासणी करून घ्यावी आणि शक्यतो एक दिवस ओळखीच्या उतारावर स्की वापरून पाहावी. बाइंडिंगचे स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाने खराब होतात. त्यांना पोझीड्राइव्ह क्रमांक तीनचा पेचकस लागतो. तो विमानात हातातल्या पिशवीत न ठेवता स्कीच्या थैलीत टाकावा.