लहान नाव, थोडं डिझेल



सोलापूरकडच्या माणसापुढे नावेचा विषय काढला, की तो आधी हसतो. "आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तुम्ही नावा कसल्या चालवता?" असं विचारतो. पण थोडं थांबा. 1919 साली सहकाऱ्यांसह सिंधिया कंपनी उभी करून, 5 एप्रिलला 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला धाडणारे वालचंद हिराचंद याच सोलापुरात 1882 साली जन्मले. त्या दिवसाची आठवण म्हणून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. तेव्हा नावेशी आपलं नातं अगदीच नाही, असं नाही.

आज मात्र मला त्या मोठ्या जहाजाबद्दल बोलायचं नाही. दहा-पंधरा माणसं घेऊन, एका लहान इंजिनावर टुकटुक करीत पैलतीर गाठणाऱ्या नावेबद्दल बोलायचं आहे. ही नाव इतक्या थोड्या तेलात एवढा पल्ला कसा मारते, आणि ती काटकसर कुठे करावी नि कुठे करू नये, एवढंच सांगायचं आहे.

जुन्या काळी भीमा ओलांडायची तर वल्ह्याची नाव असे. गावागावाला तर चाले. भोपळ्यांची सांगड बांधून लोक पलीकडे जात. पूर आला, तर गुळाच्या काहिलीत बसूनही माणसं नदी पार करीत. पुढे 1980 साली उजनीचं धरण पुरं झालं. सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी साठवणारा यशवंतसागर तयार झाला. शेताला पाणी आलं, ऊस आला. पण कित्येक गावं उठली, जुन्या वाटा बुडाल्या. नदी होती तिथे जलाशय पसरला. कालपर्यंत हाकेच्या अंतरावर असलेलं पलीकडचं गाव रस्त्याने लांबच्या वळशाचं झालं. मग करमाळा तालुक्यातल्या कुगावची माणसं इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला लाँचने जाऊ लागली. पाण्यानेच वाट मोडली होती, आणि नवी वाटही पाण्यातूनच काढावी लागली.

आता या नावेतल्या इंजिनाची हकीकत ऐका. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, हे तुम्ही हाताने अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने याच गोष्टीचा उपयोग केला. हवा इतकी दाबायची, की तिच्यात तेलाचा फवारा सोडला की तो ठिणगीवाचून पेटावा. 17 फेब्रुवारी 1897 रोजी आउग्सबुर्ग गावी त्याच्या इंजिनाची रीतसर परीक्षा झाली. तेलातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून थोडी अधिक उष्णता कामी लागली. त्या काळचं वाफेचं साधारण यंत्र दशांशाच्या आसपासच काम देई. म्हणजे जिथे रुपयातले दहा पैसे पदरात पडत, तिथे सव्वीस पैसे पडू लागले.

आणि गंमत पाहा. हे इंजिन नावेत बसलं, ते आधी समुद्रावर नव्हे. 1903 साली रशियात व्होल्गा नदीवर 'वांदाल' नावाची तेलवाहू नाव चालली. त्याच साली फ्रान्समध्ये एका कालव्यावर 'पेटी पिएर' ही नाव चालली. डेन्मार्कचं 'सेलांडिया' हे मोठं जहाज डिझेलवर कोपनहेगनहून बँकॉकला निघालं, ते 1912 साली. डिझेलची नाव जन्मली ती नदी-कालव्याच्या संथ पाण्यात. उजनीच्या पाण्यावर ती शोभते, यात नवल कसलं?

आपल्याकडे हे इंजिन आलं, ते विहिरीवर. 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना निघाला. पुढे गावोगावच्या विहिरींवर इंजिनाची टुकटुक ऐकू येऊ लागली. मोट सुटली, बैलांच्या मानेवरचा भार उतरला. स्वातंत्र्यानंतर कोकणातल्या मच्छीमार बांधवांच्या शिडाच्या होड्यांतही असंच डिझेल इंजिन बसू लागलं. वारा पडला तरी घरी परतता येऊ लागलं. तुमच्या विहिरीवरचं इंजिन आणि नावेतलं इंजिन ही भावंडंच आहेत, असं समजा.

या इंजिनाचा हिशेब शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. एक अश्वशक्ती तासभर चालवायला साधारण पाव लिटर डिझेल लागतं. म्हणजे चार अश्वशक्तीला तासाला एक लिटर. आता हाच हिशेब नावेला लावू या. पाण्याचा गुण असा, की तुम्ही वेग थोडा वाढवलात, तर ते विरोध फार वाढवतं. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते. समजा, एक नाव तासाला आठ किलोमीटर चालते आणि तिला चार अश्वशक्ती पुरते. तिला तासाला दहा किलोमीटर पळवायची म्हटलं, म्हणजे वेग फक्त सव्वापट केला, तर शक्ती जवळजवळ दुप्पट, आठ अश्वशक्ती लागेल.

चोवीस किलोमीटर जायचं आहे. संथ गेलात, तर तीन तास आणि तीन लिटर. घाईने गेलात, तर दोन तास चोवीस मिनिटं आणि सुमारे पावणेपाच लिटर. छत्तीस मिनिटं वाचली, त्यांची किंमत पावणेदोन लिटर डिझेल! गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावं. घन शिकवायला याहून चांगलं उदाहरण क्वचित सापडेल.

याला आणखी एक मर्यादा आहे. नाव चालते तेव्हा तिच्या नाकाशी लाट उठते. वेग वाढला की लाट लांबते. लाटेची लांबी नावेच्या लांबीएवढी झाली, की नाव आपल्याच लाटेच्या खळग्यात बसते, आणि पुढे जायचं तर तिला आपण उठवलेली टेकडी आपणच चढावी लागते. विल्यम फ्रूड या इंग्रज शास्त्रज्ञाने लहान लहान नमुने पाण्यातून ओढून नावांच्या या विरोधाचे नियम बसवले. त्यासाठी 1872 च्या सुमारास त्याने टॉर्की गावाजवळ एक मोठा हौद बांधला होता. पाण्यालगत चार मीटर लांब असलेल्या नावेची ही मर्यादा तासाला सुमारे नऊ किलोमीटर येते. नऊ मीटर लांब नावेची साडेतेरा. त्यापुढे मोठं इंजिन बसवलं, तरी पैसा धुरातच जातो. हलकी, सपाट बुडाची नाव पाण्यावर उचलली जाऊन पळते, हे खरं. पण तिला शक्तीही तशीच भारी लागते. माणसं आणि ओझी वाहणाऱ्या साध्या नावेचं ते काम नव्हे. तिने लांब, निमुळतं असावं आणि संथ चालावं.

या संथ चालीतच तिची गोडीही आहे. इंजिन एका लयीत चालतं, हाताला सुकाणू, भिगवणकडे गेलात तर थंडीच्या दिवसांत उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी. घाई केली, तर यातलं काहीच दिसत नाही. युरोपात नदी-कालव्यांवर लोक अशा छोट्या नावांतून दिवस दिवस फिरतात, रात्री त्यांतच झोपतात. शिवाय पेट्रोलची वाफ नावेच्या तळाशी साचून भडका उडण्याचं जे भय असतं, ते डिझेलला पुष्कळ कमी.

पण मंडळी, काटकसरीची एक दुसरी वाट आहे, आणि ती वाईट आहे. फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून नावेत माणसं कोंबायची, वर मोटारसायकली चढवायच्या. आभाळ भरून आलं तरी, एवढी फेरी उरकून घेऊ, म्हणायचं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणं गेली. त्यांत लहान मुलंही होती. उजनीचं पाणी आता ओढ्याचं राहिलेलं नाही. मोकळ्या जलाशयावर वारा धरला, की लाट समुद्रासारखी उठते. मे महिन्यातली वळवाची संध्याकाळ कशी असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तेव्हा तेल वाचवायचं, ते वेग आवरून वाचवावं. माणसं कोंबून नव्हे. नावेचा भार ठरलेला असावा. प्रत्येकाच्या अंगात तरंगतं जाकीट असावं, आणि ते पिशवीत नव्हे, अंगातच असावं. ढग दिसले, की नावाड्याने नको म्हणावं आणि बसणाऱ्याने त्याच्याशी हुज्जत घालू नये. वाचलेल्या डिझेलातून पहिला खर्च जाकिटांचा करावा.

उद्या पूल होतील, इंजिनंही बदलतील. केरळात वैकमला जानेवारी 2017 पासून पंचाहत्तर उतारूंची नाव सूर्याच्या शक्तीवर चालू लागली. छपरावरच्या उन्हात ती चालू शकते, याचं एक मोठं कारण हेच, की ती हलकी आहे, निमुळती आहे आणि संथ आहे. तेल गेलं, तरी पाण्याचा नियम राहिला. जो घाई करत नाही, त्याला पाणी थोडक्यात नेतं. आणि जो आभाळाकडे पाहून निघतो, त्यालाच ते पलीकडे पोचवतं.