स्ट्रिप म्हणते रक्त, मायक्रोस्कोप म्हणतो नाही

नांदेड-लातूरच्या कुठल्याही लॅबमधला लघवीचा रिपोर्ट घ्या. वर स्ट्रिपची केमिकल तपासणी, खाली मायक्रोस्कोपखाली दिसलेलं: पस सेल्स २-३, आरबीसी निल, कास्ट निल. आता समजा वर ‘रक्त +++’ आलं आणि खाली ‘आरबीसी निल’. मग चूक कोणाची?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. १८२७ मध्ये लंडनचे रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ झाली की त्यात प्रथिनं आहेत असं समजायचं. पण ती कुठून आली, हे चमचा सांगत नव्हता. १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये रेयर आणि त्यांचे विद्यार्थी विग्ला रुग्णांची लघवी नियमितपणे मायक्रोस्कोपखाली बघू लागले. पुढच्या दशकात हेन्ले यांनी कास्टचं वर्णन केलं. कास्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक नलिकेत घट्ट झालेला साचा. मूत्राशयात तो तयार होत नाही. त्यामुळे तो दिसला की पत्ता लागतो.

आता १९४१ चं लंडन. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांखाली काही तास अडकलेली माणसं जिवंत बाहेर काढली जात. आधी बरी वाटत, मग लघवी कमी होई आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावत. बायवॉटर्स आणि बील यांनी अशा रुग्णांची नोंद केली. लघवीत तपकिरी कास्ट होते. हा रंग कशाचा? त्याच वर्षी वर्णपट तपासून उत्तर मिळालं: मायोग्लोबिन. चिरडलेल्या स्नायूंमधून ते रक्तात उतरलं होतं आणि तिथून मूत्रपिंडात.

इथेच आपलं कोडं सुटतं. स्ट्रिप तांबड्या पेशी मोजतच नाही. ती हीमची रासायनिक क्रिया पकडते, आणि हीम मायोग्लोबिनमध्येही असतं. अर्थात, दुसरी कारणंही तपासावी लागतात. पेशी फुटून मोकळं झालेलं हिमोग्लोबिनसुद्धा हाच निकाल देतं. पातळ लघवी बराच वेळ तशीच ठेवली तर पेशी बाटलीतच फुटतात. म्हणून नमुना ताजा हवा.

लातूरच्या वाचकाला ही लंडनची गोष्ट परकी वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. ढिगाऱ्यातून निघालेला माणूस बोलतोय म्हणजे वाचला, असं आपल्याला वाटतं. त्याची लघवी काय सांगते, हे लगेच बघावं लागतं.

तुम्ही पीएचडीला लागलात की दोन पद्धतींचे निकाल कधीतरी नक्की भांडतील. घाईने एकावर ‘एरर’ लिहून फुली मारू नका. आधी वहीत लिहा: माझं उपकरण नेमकं काय पकडतं, आणि मी त्याला काय म्हणतोय? या दोन ओळी सारख्या नसतील, तर तुमचा पुढचा प्रयोग तिथूनच सुरू करा.